घटना बदलायची तर कोणाकोणाला विचारायचं?

५ सप्टेंबर १९७० रोजी राज्यसभेत एका घटनादुरुस्ती विधेयकावरची मतं मोजली गेली. बाजूने १४९, विरोधात ७५. म्हणजे विरोधकांच्या जवळजवळ दुप्पट मतं सरकारच्या पारड्यात होती. साध्या कायद्यासाठी एवढ्या मतांना घवघवीत बहुमत म्हटलं असतं. पण विधेयक पडलं. मतदान करणारे होते २२४ आणि २२४ चे दोन तृतीयांश होतात १४९ पूर्णांक एक तृतीयांश. एक तृतीयांश मत कोणी देऊ शकत नाही, म्हणून मतं हवी होती १५०. एक कमी पडलं.

विधेयक होतं संस्थानिकांचे तनखे बंद करण्याचं आणि ते मांडलं होतं यशवंतराव चव्हाणांनी. कोल्हापूर-सांगलीपासून बडोदा-ग्वाल्हेरपर्यंतच्या माजी राजांना सरकारी तिजोरीतून दरवर्षी करमुक्त रक्कम मिळत असे आणि ती देण्याची हमी खुद्द घटनेतच लिहिलेली होती. लोकसभेने तीनच दिवसांपूर्वी हे विधेयक मंजूर केलं होतं. राज्यसभेत ते अडल्यावर सरकारने लगोलग दुसरी वाट धरली. राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यताच काढून घेतली. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने माधवराव शिंदे खटल्यात तो आदेशही रद्द केला. मग लोकसभा बरखास्त झाली, १९७१ ची सार्वत्रिक निवडणूक झाली, इंदिरा गांधींच्या पक्षाला प्रचंड बहुमत मिळालं आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे गेले. एका मताने अडलेल्या गोष्टीला सव्वा वर्ष लागलं आणि मध्ये साऱ्या देशाने एकदा मतदान केलं.

तनखे जायलाच हवे होते, असं मला मनापासून वाटतं. तरीही त्या दिवशी ते विधेयक पडलं हे योग्यच झालं, असंही मला वाटतं. घटनेने 'पुरेशा लोकांना विचारलं का?' असा एक प्रश्न घालून दिलेला आहे. त्याचं उत्तर 'जवळजवळ' असं देता येत नाही.

हा प्रश्न घटनेच्या विसाव्या भागात आहे. त्या भागात एकच कलम आहे, ३६८. त्यातली मतांची अट दुहेरी आहे आणि वर्तमानपत्रांत बहुधा तिचा अर्धाच भाग येतो. सभागृहात उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश मतं हवीत, हा झाला एक भाग. ती मतं सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून अधिकही असली पाहिजेत, हा दुसरा. एकूण म्हणजे खरोखरच एकूण. रिकाम्या जागा, आजारी खासदार, दौऱ्यावर गेलेले खासदार, सगळे त्यात धरायचे. लोकसभेच्या ५४३ जागा धरल्या तर २७२ च्या खाली कोणतीही घटनादुरुस्ती होऊ शकत नाही, सभागृहात त्या दिवशी कितीही कमी माणसं असोत. समजा ३०० जणांनीच मतदान केलं. दोन तृतीयांश म्हणजे २००, पण २०० पुरणार नाहीत. ५४० जणांनी मतदान केलं तर मात्र २७२ ला अर्थ उरत नाही, ३६० लागतात.

म्हणूनच घटनादुरुस्तीच्या वेळी तटस्थ राहण्याला वेगळंच वजन येतं. एखादा पक्ष तटस्थ राहिला किंवा सभात्याग करून निघून गेला, की दोन तृतीयांशांच्या हिशेबातून तो वजा होतो आणि विधेयकाची वाट थोडी सोपी होते. पण निम्म्या सदस्यसंख्येच्या हिशेबात त्याची जागा तशीच उभी असते. विरोधकांना बाहेर ठेवून किंवा बाहेर जाऊ देऊन मूठभरांनी घटना बदलून टाकावी, याला ही अट आडवी येते.

संसदेत बरेचसे साधे कायदे आवाजी मतदानाने मंजूर होतात. घटनादुरुस्तीला ते चालत नाही. अध्यक्ष लॉबी रिकाम्या करायला सांगतात, साडेतीन मिनिटं घंटा वाजत राहते, खासदार धावतपळत जागेवर येतात, दारं बंद होतात. मग बटणं दाबली जातात. 'होय'ला हिरवा दिवा, 'नाही'ला लाल, तटस्थांना पिवळा. कोणाचं बटण नीट लागलं नाही तर चिठ्ठी. विधेयक सरसकट एकदाच मताला टाकून भागत नाही, त्यातल्या कलमांनाही याच विशेष बहुमताची चाळणी लागते. आणि दोन सभागृहांचं जमलं नाही तर साध्या विधेयकासारखी संयुक्त बैठक बोलावण्याची सोय इथे नाही. लोकसभा आणि राज्यसभा या बाबतीत तंतोतंत बरोबरीच्या आहेत. पुढे राष्ट्रपतींना ते विधेयक परत पाठवता येत नाही. १९७१ पासून त्यांनी त्याला संमती दिलीच पाहिजे, असं कलमातच लिहिलेलं आहे.

नुसतं विधेयक मांडायला मात्र साधं बहुमत पुरतं. लोकसभा आणि विधानसभांच्या निवडणुका एकत्र घेण्याचं विधेयक १७ डिसेंबर २०२४ ला लोकसभेत मांडलं गेलं, तेव्हा बाजूने २६९ आणि विरोधात १९८ मतं पडली. मांडण्यासाठी तेवढी भरपूर झाली. तीच मतं मंजुरीच्या वेळी पडली असती तर ४६७ चे दोन तृतीयांश, म्हणजे ३१२ लागले असते, आणि २६९ हा आकडा २७२ च्याही अलीकडेच राहतो.

अनेकांचा गोंधळ होतो म्हणून एक सांगून ठेवतो. विधेयकाचा क्रमांक आणि दुरुस्तीचा क्रमांक एक नसतो. पडलेली, मागे घेतलेली विधेयकं आपले क्रमांक खाऊन बसतात. तनख्यांचं १९७० चं विधेयक 'चोविसावी घटनादुरुस्ती' याच नावाने आलं होतं. आज आपण चोविसावी म्हणतो ती १९७१ ची, अगदी वेगळी. महिला आरक्षणाचं २०२३ चं विधेयक १२८ वं होतं, त्याची दुरुस्ती झाली १०६ वी.

अमेरिकेत सव्वादोनशेपेक्षा जास्त वर्षांत २७ दुरुस्त्या झाल्या, आपल्याकडे पाऊण शतकात शंभरावर. आपली घटना फार सहज बदलते, असा निष्कर्ष यावरून काढला जातो. पण आकड्यांमागची कारणं पाहावीत. आपल्या घटनेत ज्या बारीकसारीक तरतुदी आहेत, त्या इतर देशांत साध्या कायद्यांत असतात. घटना आपल्याकडे लांबलचक आहे, म्हणून दुरुस्त्याही जास्त. शिवाय ती फार घट्ट बांधायची नाही, हे घटनाकारांनी जाणून ठरवलं होतं. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे स्पष्ट सांगितलं. ज्यांना ही घटना पटत नाही त्यांनी दोन तृतीयांश बहुमत मिळवावं. प्रौढ मतदानाने निवडलेल्या संसदेत तेवढंही मिळत नसेल, तर त्यांची नाराजी ही जनतेची नाराजी आहे असं धरता येणार नाही. पुढच्या पिढ्यांना बांधून ठेवायचं नाही, पण त्यांना नीट मोजून घ्यायला लावायचं, असा तो विचार होता.

घटनेतल्या काही गोष्टी मात्र संसदेला कलम ३६८ च्या वाटेलाही न जाता, साध्या बहुमताने बदलता येतात. त्यात महाराष्ट्राला सर्वांत जवळची गोष्ट म्हणजे महाराष्ट्र स्वतः. द्विभाषिक मुंबई राज्य मोडून १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात झाले ते संसदेच्या साध्या कायद्याने. राज्यांची यादी घटनेच्या पहिल्या अनुसूचीत आहे, ती त्या कायद्याने बदलली. राज्यसभेतल्या जागांची वाटणी चौथ्या अनुसूचीत आहे, तीही बदलली. तरी याला घटनादुरुस्ती म्हणायचं नाही, असं कलम ४ सांगतं. ज्या राज्याचे तुकडे पडणार त्याच्या विधिमंडळाला राष्ट्रपतींनी मत विचारायचं असतं, पण ते मत संसदेवर बंधनकारक नाही. हे मला आजही खटकतं. स्वातंत्र्यानंतर शेकडो संस्थानं विलीन होत असताना नकाशा मोकळा ठेवणं भाग होतं, हे मान्य. पण संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण दिलेल्या हुतात्म्यांच्या राज्यात बसून लिहिताना वाटतं, ज्याचं घर वाटलं जाणार त्याच्या शब्दाला याहून थोडं अधिक वजन हवं होतं.

याच्या उलट टोकाला घटनेने राज्यांना खरोखरचा अधिकार दिलेला आहे. केंद्र आणि राज्य यांच्यातल्या वाटणीला हात लागणार असेल, तर संसदेची दोन्ही सभागृहं पुरत नाहीत. किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून दुजोरा द्यावा लागतो. घटनेच्या मराठी भाषेत त्याला अनुसमर्थन म्हणतात. राष्ट्रपतींची निवडणूक, सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं, कोणत्या विषयावर कोणी कायदा करायचा हे सांगणारी सातवी अनुसूची, संसदेतलं राज्यांचं प्रतिनिधित्व, जीएसटी परिषद आणि खुद्द कलम ३६८ हे सगळं या कुंपणाच्या आत येतं. विधिमंडळातला हा ठराव साध्या बहुमताने होतो.

जीएसटीच्या १०१ व्या दुरुस्तीच्या वेळी हे सगळ्यांनी पाहिलं. ऑगस्ट २०१६ च्या सुरुवातीला संसदेचं काम संपलं, १२ ऑगस्टला आसामने सर्वांत आधी अनुसमर्थन दिलं, मग एकेक राज्य येत गेलं, महाराष्ट्रानेही त्याच महिन्यात ठराव केला आणि ८ सप्टेंबरला राष्ट्रपतींची सही झाली. महाराष्ट्रासाठी तो नुसता उपचार नव्हता. मुंबई महापालिकेची जकात त्या दुरुस्तीपायी जाणार होती. नाक्यांवर ट्रकांच्या रांगा लावणारी ती जकात शहराच्या उत्पन्नाचा कणा होती. तिची भरपाई कशी, हे विचारण्याची जागा विधिमंडळ हीच होती.

आणि जिथे विचारायला हवं होतं तिथे विचारलं नाही, तर काय होतं?

२०१३ सालची गोष्ट. आमच्या गृहनिर्माण सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा गच्चीवर भरली होती. सेक्रेटरींच्या हातात नव्या आदर्श उपविधींची पुस्तिका होती आणि 'क्रियाशील सभासद' हा शब्द आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. पाच वर्षांत निदान एका सर्वसाधारण सभेला हजर राहिलं पाहिजे, नाहीतर क्रियाशील म्हणून नाव राहणार नाही. निवडणूकही आता 'काय हो, तुम्ही व्हा ना चेअरमन' अशी व्हायची नाही, त्यासाठी राज्याचं सहकारी निवडणूक प्राधिकरण आलं होतं. शेजारचे काका वैतागून म्हणाले, "हे कोणी ठरवलं? आम्हाला कोणी विचारलं का?" सेक्रेटरी म्हणाले, "अहो, घटनाच बदललीय." सगळे गप्प झाले. घटना म्हटल्यावर पुढे कोण काय बोलणार?

घटना खरंच बदलली होती. ९७ व्या दुरुस्तीने सहकारी संस्थांसाठी एक अख्खा नवा भाग घटनेत घातला आणि तो फेब्रुवारी २०१२ पासून लागू झाला. संचालक मंडळात २१ हून जास्त सदस्य नकोत, मुदत पाच वर्षं, महिलांसाठी दोन जागा, अनुसूचित जाती-जमातींसाठी एक, हिशेब तपासणी वेळच्या वेळी. राज्यांनी वर्षभरात आपले कायदे त्याप्रमाणे बदलायचे होते. महाराष्ट्राने आपला १९६० चा सहकार कायदा २०१३ मध्ये बदलला, तो त्यासाठीच. हेतू वाईट होता असं कोणी म्हणणार नाही. वर्षानुवर्षं निवडणुका न घेणाऱ्या बँका, तेच ते संचालक असलेले कारखाने महाराष्ट्राने काय कमी पाहिलेत?

पण सहकारी संस्था हा विषय सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतला आहे, नोंद ३२. त्यावर कायदा करायचा अधिकार राज्यांचा. संसदेने ती नोंद बदलली नव्हती, एक अक्षरही हलवलं नव्हतं. नोंद जागेवर ठेवून तिच्याखाली राज्यांनी काय करायचं आणि काय नाही, हे मात्र घटनेतच बारकाईने लिहून टाकलं होतं. आणि दुरुस्ती राज्यांच्या विधिमंडळांकडे अनुसमर्थनासाठी पाठवलीच नव्हती.

२०१३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने यावर बोट ठेवलं. २० जुलै २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तोच मुद्दा कायम केला. राज्याच्या अधिकाराचा खरोखर संकोच होत असेल, तर नोंद शब्दशः बदलली की नाही हे गौण आहे, राज्यांना विचारायलाच हवं होतं, यावर तिघांचं एकमत होतं. मतभेद झाला तो पुढे, उरलेला भाग जिवंत ठेवता येतो का यावर. बहुमताचा निकाल असा की एकाहून अधिक राज्यांत काम करणाऱ्या बहुराज्य संस्था केंद्राच्या अखत्यारीतल्या, तेवढ्यापुरता हा भाग टिकतो. राज्यातल्या संस्थांना तो लागू नाही. अनेक राज्यांनी दुरुस्तीप्रमाणे आपले कायदे बदलले होते, म्हणजे त्यांची संमती होतीच, असा युक्तिवाद झाला. तो टिकला नाही. आज्ञा पाळणं वेगळं आणि आधी विचारल्यावर होकार देणं वेगळं. महाराष्ट्राचा बदललेला कायदा मात्र महाराष्ट्राच्या विधिमंडळाने स्वतः केलेला असल्यामुळे आपल्या पायावर उभा राहिला.

आमच्या गच्चीवरच्या काकांनी विचारलेला प्रश्न असा आठ वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने बरोबर ठरवला. आम्ही साधा उपविधी बदलायचा तरी सभेत हजर असलेल्यांची दोन तृतीयांश मतं घेतो आणि मग निबंधकांकडे मंजुरीला जातो. निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांत एकेक ठराव करून घेणं काही अशक्य नव्हतं. ती पायरी चुकल्यामुळे एक बरी सुधारणा घटनेतून निम्मी-अधिक निखळली, याचं मला वाईट वाटतं. पण त्याहून वाईट झालं असतं ते, पायरी चुकवूनही ती टिकली असती तर.

आता उरतो तो सर्वांत अवघड प्रश्न. सगळ्यांना रीतसर विचारलं, सगळ्यांनी होकार दिला, तरी न बदलण्यासारखं घटनेत काही आहे का? कलम ३६८ याबद्दल एक शब्दही बोलत नाही. संविधान सभेत १७ सप्टेंबर १९४९ ला या कलमावर चर्चा झाली, तेव्हा अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख यांनी नवं कलम सुचवलं होतं. व्यक्तीच्या हक्कांचा संकोच करणारी कोणतीही दुरुस्ती चालणार नाही आणि केली तर ती निरर्थक ठरेल, असा त्याचा आशय होता. सभेने ते घेतलं नाही.

पंधरा वर्षांनी हा प्रश्न विदर्भातल्याच दुसऱ्या एका माणसाने पुन्हा उभा केला. सज्जन सिंग खटल्यात न्या. जनार्दन रघुनाथ मुधोळकर निकालाच्या बाजूने होते, पण त्यांनी वेगळं निकालपत्र लिहिलं. घटनेचं एखादं मूलभूत वैशिष्ट्यच बदललं तर त्याला दुरुस्ती म्हणायचं, की तो घटनेचा भाग नव्याने लिहिणं झालं, अशी शंका त्यांनी त्यात नोंदवून ठेवली. त्यासाठी त्यांनी पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाचाही आधार घेतला होता. नऊ वर्षं उलटण्याच्या आतच, २४ एप्रिल १९७३ ला, केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींनी सात विरुद्ध सहा मतांनी तेच मान्य केलं. घटनेत दुरुस्ती करता येते, तिची मूलभूत चौकट मोडता येत नाही. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर आज हे तत्त्व नसतं. तिथेही एकच मत.

त्या सहांमध्ये पुण्याचे न्या. यशवंत विष्णु चंद्रचूड होते. संसदेच्या दुरुस्तीच्या अधिकाराला अशी मर्यादा नाही, असं त्यांचं मत होतं. पुढे आणीबाणीत ४२ व्या दुरुस्तीने कलम ३६८ लाच दोन पोटकलमं जोडली. घटनादुरुस्तीला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही आणि संसदेच्या या अधिकाराला कसलीही मर्यादा नाही. १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात ही दोन्ही पोटकलमं रद्द झाली. बहुमताचं निकालपत्र लिहिणारे सरन्यायाधीश होते तेच यशवंत विष्णु चंद्रचूड. संसदेचा अधिकार मर्यादित असणं हेच घटनेच्या मूलभूत चौकटीत येतं आणि मर्यादित अधिकाराच्या जोरावर संसदेला तो अमर्याद करून घेता येणार नाही, असं त्यांनी लिहिलं. अल्पमतात राहिलेल्या न्यायाधीशाने बहुमताचा निकाल स्वीकारायचा आणि नंतर तो इतक्या ठामपणे पुढे न्यायचा, हे फार मोठं काम आहे. या मर्यादेपुढे राज्यांचा होकारही पुरत नाही. न्यायाधीशांच्या नेमणुकांसाठी आयोग नेमणाऱ्या ९९ व्या दुरुस्तीला निम्म्याहून अधिक राज्यांचं अनुसमर्थन होतं, तरी २०१५ मध्ये ती चार विरुद्ध एक मतांनी रद्द झाली.

खासदारांना विचारायचं, राज्यांना विचारायचं, आणि तरीही शेवटी न्यायालय पाहणार. मग ज्याच्या नावाने घटना सुरू होते त्या नागरिकाला कधी विचारायचं? ऑस्ट्रेलियात प्रत्येक घटनादुरुस्ती मतदारांपुढे जाते. आजवर ४५ प्रस्ताव लोकांपुढे गेले, मंजूर झाले आठ. आपल्याकडेही एकदा ही वाट उघडत होती. आणीबाणीनंतर १९७८ मध्ये जनता सरकारने आणलेल्या विधेयकात तशी तरतूद होती. घटनेचं लोकशाही किंवा धर्मनिरपेक्ष स्वरूप, मूलभूत हक्क, खुल्या निवडणुका किंवा न्यायालयांचं स्वातंत्र्य यांना धक्का लावणारी दुरुस्ती असेल, तर ती सार्वमताला टाकायची. निदान ५१ टक्के मतदारांनी त्यात भाग घेतला पाहिजे आणि बहुमताने होकार दिला पाहिजे. लोकसभेने हे मान्य केलं, राज्यसभेने केलं नाही. उरलेलं विधेयक ४४ वी घटनादुरुस्ती म्हणून मंजूर झालं, सार्वमताचं कलम तेवढं गळून पडलं, आणि कलम ३६८ मध्ये ते पुन्हा आलेलं नाही.